खाजगी विमान आणि सामाईक जमीन : जुहू व नेवाळी

हिंदुस्थानातील पहिली प्रवासी आगगाडी १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदराहून ठाण्यास आली, आणि पुढच्याच वर्षी लोहमार्ग कल्याणास पोहोचला. वाहतुकीच्या ह्या नव्या साधनाचा लाभ ठाणे-कल्याण पट्ट्यास सर्वांच्या आधी झाला, असे म्हणावयास हरकत नाही. विमानाच्या बाबतीत मात्र ह्याच पट्ट्याचा अनुभव निराळा आहे. कल्याणच्या दक्षिणेस, हाजी मलंगच्या वाटेवर, नेवाळी येथे दुसऱ्या महायुद्धाच्या काळात धावपट्टी तयार झाली. पुढे डोंबिवली, अंबरनाथ, ठाणे येथे कारखानदारी वाढली; यंत्रे जाणणारे कारागीर आणि थोडाबहुत पैसा बाळगणारे उद्योजकही तेथे होते. तरीही हौसेने विमान बाळगण्याची परंपरा रुजली ती नेवाळीस नव्हे, तर सरळ रेषेत चाळीस किलोमीटरांच्या आत असलेल्या जुहूस. असे का व्हावे?

आपल्याकडे विमानविद्येचा इतिहास बहुधा साहसी पुरुषांचा इतिहास म्हणून लिहिला जातो. शिवकर बापूजी तळपदे ह्यांनी १८९५ साली चौपाटीवर विमान उडविल्याची कथा तर पाठ्यपुस्तकाच्या निष्ठेने सांगितली जाते. उपलब्ध समकालीन पुराव्यावरून ती सिद्ध मानता येत नाही, एवढे नमूद करून पुढे जावे. साहसाचे मोल कमी लेखण्याचा हेतू नाही. परंतु विमान हवेत असते ते घटका-दोन घटका. उरलेला सर्व काळ ते जमिनीवर उभे असते. खाजगी विमानाचा इतिहास हा पुष्कळ अंशी त्या जमिनीचा, तिच्यावरील छपराचा आणि छपराखाली काम करणाऱ्या माणसांचा इतिहास आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

लहान विमान सामान्य धनिकाच्या आवाक्यात आणण्याचे श्रेय द हॅविलंड कंपनीच्या ‘मॉथ’ विमानास दिले पाहिजे. त्याचे पहिले उड्डाण २२ फेब्रुवारी १९२५ रोजी इंग्लंडात झाले. लाकडी सांगाडा, त्यावर ताणून बसविलेले आणि डोप नावाच्या रोगणाने घट्ट केलेले कापड, दोन आसने आणि मागे दुमडता येणारे पंख, अशी त्याची घडण होती. पंख दुमडले की ते मोटारीच्या गराजात मावे. पुढे जिप्सी एंजिनाच्या मॉथची किंमत इंग्लंडात सुमारे ६५० पौंड होती. एक शिलिंग सहा पेन्सांच्या तत्कालीन हुंडणावळीने ती साडेआठ हजार रुपयांच्या वर जाते, आणि बोटीचे भाडे व जकात निराळी. पण किंमत हा अडचणीचा लहान भाग होता. विकत घेतलेले विमान ठेवावयाचे कोठे, त्याची तपासणी कोणी करावयाची, आणि उतरावयाचे कोठे, ह्या तीन प्रश्नांची उत्तरे एकट्या मालकास देता येत नसत.

ती उत्तरे क्लबाने दिली. १९२७ साली नागरी विमानवाहतुकीचे सरकारी खाते सुरू झाले, आणि १९२८ साली मुंबई, दिल्ली, कराची येथे सरकारी साहाय्याने फ्लाइंग क्लब निघाले. मुंबईच्या क्लबाचे ठाणे जुहू होते. १० फेब्रुवारी १९२९ रोजी जे. आर. डी. टाटा ह्यांस मिळालेला वैमानिकाचा परवाना हा हिंदुस्थानात दिला गेलेला पहिला परवाना होय, आणि तोही ह्या क्लबातील शिक्षणाचे फळ आहे. क्लबाजवळ विमाने असत, हँगर असे, परवानाधारक ग्राउंड एंजिनीअर असे. खाजगी मालकही ह्याच व्यवस्थेच्या आश्रयाने राही. मालकी एकाची, पण निगा सामाईक, अशी ही मांडणी होती.

निगेचा प्रश्न कोकणात किती बिकट असतो, ह्याची कल्पना जुहूच्याच उदाहरणावरून येते. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी टाटांनी ‘पुस मॉथ’ विमानातून कराचीची टपाल अहमदाबादमार्गे जुहूस आणली, हा प्रसंग सर्वश्रुत आहे. त्याच सेवेस पावसाळ्यात जुहूचे मैदान सोडून जावे लागे, हे मात्र फारसे सांगितले जात नाही. समुद्रालगतची ती सखल जमीन पावसात निरुपयोगी होई, आणि विमाने व कामाचे सारे साहित्य पुण्यास येरवड्याच्या मैदानावर हलवावे लागे. हे बिऱ्हाड हलविणे एखाद्या कंपनीस परवडे. एका विमानाच्या मालकाने ते कसे करावे?

शिवाय पाऊस केवळ मैदानाचे नुकसान करीत नाही. दमट हवेत लाकूड फुगते, उन्हात आकसते; सांध्यांतील सरसावर ताण येतो; कापडाखाली ओल धरली तर ती वरून दिसत नाही. १९४४ च्या उत्तरार्धात हिंदुस्थानातील लष्करी ‘मॉस्किटो’ विमानांच्या लाकडी पंखांचे सांधे सुटल्याचे आढळून आले, आणि तपासणीसाठी उड्डाणे थांबवावी लागली. युद्धातील सुसज्ज यंत्रणेची ही गत, तर हौशी मालकाने आपल्या विमानाचे कापड किती वेळा उलगडून पाहावे, ह्याचा विचार सहज मनात येतो. पुढे धातूची विमाने आली तरी खाऱ्या वाऱ्याने धरणारा गंज आलाच.

सुट्या भागांची कथा ह्याहून उद्बोधक आहे. १९३० साली आगाखानांनी इंग्लंड व हिंदुस्थान ह्यांमधील अंतर एकट्याने उडून जाणाऱ्या पहिल्या हिंदी वैमानिकास पाचशे पौंडांचे बक्षीस लावले होते. स्पर्धेत टाटा कराचीहून निघाले, तर तरुण अस्पी इंजिनीयर इंग्लंडहून. अलेक्झांड्रियाजवळ अबुकीर येथे अस्पी स्पार्क प्लगअभावी अडकून पडले होते. टाटांनी आपल्याजवळचा प्लग त्यांना दिला, आणि बक्षीस अस्पींनी जिंकले. खिलाडूवृत्तीचा नमुना म्हणून ही गोष्ट सांगतात, आणि ती तशी आहेच. पण इतिहासाच्या अभ्यासकाने तीतील प्लगाकडेही पाहावे. त्या काळी विमानाची सारी सुरक्षितता अशा मुठीत मावणाऱ्या वस्तूंवर अवलंबून होती, आणि त्या वस्तू दुसऱ्या विमानवाल्यापाशीच मिळत.

कायद्यानेही हेच तत्त्व मान्य केले. १९३४ चा विमान अधिनियम व त्याखालील १९३७ चे नियम ह्यांनी विमानाची नोंदणी, उड्डाणयोग्यतेचे प्रमाणपत्र, वैमानिकाचा परवाना आणि दुरुस्तीच्या नोंदी ह्यांची चौकट घालून दिली. तो अधिनियम नव्वद वर्षे टिकला. १ जानेवारी २०२५ पासून भारतीय वायुयान अधिनियम, २०२४ हा त्याच्या जागी आला. घोडा अगर मोटार जशी मालकाच्या मर्जीने राहते तसे विमान राहत नाही. प्रमाणपत्राची मुदत संपली की ते कायद्याच्या दृष्टीने शेडमधील सामान होय.

आता नेवाळीकडे वळू. ही धावपट्टी कोणा क्लबाच्या वा स्थानिक हौशी मंडळींच्या मागणीतून निर्माण झाली नाही. युद्धाच्या निकडीने सरकारने नेवाळी व आसपासच्या गावांची शेतजमीन घेतली. हे क्षेत्र सोळाशे एकरांच्या वर जाते. युद्ध संपताच धावपट्टीचे प्रयोजन संपले. कल्याणजवळच्या लष्करी छावणीत सिंधी निर्वासितांची वसाहत झाली, आणि १९४९ साली तिला उल्हासनगर हे नाव मिळाले; छावणीस असा नवा धनी लाभला. धावपट्टीस तो लाभला नाही. तेथे हँगर चालविणारा क्लब नव्हता, तपासनीस नव्हता. आसपासच्या जमिनीवर शेतकरी पुन्हा भात लावू लागले. जमीन युद्धापुरती घेतली होती व ती परत मिळावयाची होती, असे शेतकऱ्यांचे म्हणणे. ती रीतसर संपादित झाली, असे संरक्षण खात्याचे. नौदलाने कुंपणाची भिंत घालण्यास प्रारंभ केल्यावर २२ जून २०१७ रोजी ह्या वादाचा स्फोट झाला. पोलिसांच्या गाड्या जाळण्यात आल्या, अनेक माणसे जखमी झाली. त्यापूर्वी, २०१० च्या सुमारास, नवी मुंबईच्या विमानतळास पर्याय म्हणून कल्याणच्या जागेची चर्चा होऊन गेली होती. ह्या सर्व काळात लहान विमानांसाठी त्या पट्टीचा उपयोग करावा, असा विचार बळ धरू शकला नाही, ह्यात नवल नाही.

सुरक्षिततेच्या दृष्टीनेही हा प्रदेश लहान विमानास अनुकूल म्हणता येणार नाही. एका एंजिनाचे विमान चालविणाऱ्यास पहिला धडा मिळतो तो हा की, एंजिन बंद पडले तर कोठे उतरावयाचे ते आधीच पाहून ठेवावे. कल्याणच्या परिसरात पूर्वी ती जागा म्हणजे बांधांनी तुकडे पाडलेली भातखाचरे किंवा खाडीचा चिखल; चाक रुतले की विमान नाकावर उलटावयाचे. आता त्या खाचरांवर इमारती आहेत. ठाणे-कल्याणच्या मध्ये पारसिकचा डोंगर, दक्षिणेस मलंगगड, पूर्वेस सह्याद्री. आषाढात त्यांची शिखरे ढगांत बुडतात. ७ जुलै १९६२ रोजी मुंबईस उतरू पाहणारे आलितालिया कंपनीचे जेट विमान जुन्नरजवळ डोंगरावर आदळून ९४ माणसे मृत्यू पावली. ते सर्व साधनांनी युक्त असे विमान होते. खिडकीतून जमीन पाहून मार्ग काढणाऱ्या हौशी वैमानिकाने जून ते सप्टेंबर विमान शेडमध्येच ठेवावे, हे बरे.

निगा आणि उड्डाण ह्यांचा सांधा किती नाजूक असतो, ह्याचे दुःखद उदाहरण ठाण्याच्या वाटेवरील घाटकोपरचे आहे. २८ जून २०१८ रोजी दीर्घ दुरुस्तीनंतर चाचणीसाठी जुहूहून निघालेले बारा आसनांच्या आतील एक विमान तेथील वस्तीत कोसळले. विमानातील चौघे गेलेच. पाचवा मनुष्य रस्त्याने जाणारा होता, त्याचा त्या विमानाशी कसलाच संबंध नव्हता.

आणि तरीही हौस संपत नाही. कॅप्टन अमोल यादव ह्यांनी कांदिवलीस घराच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधले. २०१६ साली ते मुंबईच्या प्रदर्शनात मांडले गेले, २०१७ साली त्याची नोंदणी झाली, २०१९ साली उड्डाणाची परवानगी मिळाली. राज्य शासनाने २०१८ साली पालघर येथे १५७ एकर जमिनीवर विमाननिर्मितीचा करार त्यांच्याशी केला. २०१४ पर्यंत पालघर हा ठाणे जिल्ह्याचाच भाग होता. विमान मात्र उडाले धुळ्यास, २०२० साली. मुंबईच्या क्लबाने आपले प्रशिक्षणही तत्पूर्वीच धुळ्याच्या धावपट्टीवर नेले होते. नवी मुंबईच्या विमानतळाचे ८ ऑक्टोबर २०२५ रोजी उद्घाटन झाल्याने नेवाळीवरील आकाशात दोन मोठ्या विमानतळांची रहदारी आली आहे. खालच्या जमिनीवरील हक्काचा वाद त्याहून जुना आहे.