उष्ण मंदगती तारे : मूलद्रव्यांचे मापन

सुमारे १०,००० केल्व्हिन किंवा त्याहून अधिक पृष्ठतापमानाच्या, स्वतःभोवती सावकाश फिरणाऱ्या ताऱ्यांत कोणते मूलद्रव्य किती आहे, हे वर्णपटातील काळ्या शोषणरेषांवरून ठरविण्याची पद्धत. उष्ण तारे बहुधा गरगर फिरतात. सेकंदाला १०० ते २०० किमी. विषुववृत्तीय वेग त्यांच्यात नवलाचा नाही. ताऱ्याची एक कड आपल्याकडे येते, दुसरी दूर जाते आणि डॉप्लर परिणामामुळे रेषा फैलावतात. फिकट रेषा तर पुसल्याच जातात. मंदगती ताऱ्यांच्या रेषा अरुंद राहतात, म्हणून अभ्यासक त्यांच्या मागे असतात.

नमुन्याचा तारा टाऊ स्कॉर्पी. ज्येष्ठा नक्षत्राच्या तीन ताऱ्यांपैकी हा एक. मेअखेरीस जळगाव जिल्ह्यातील वरणगावात कोणी धाब्यावर अंथरूण टाकले असेल, तर मध्यरात्रीच्या सुमारास तो दक्षिणेला क्षितिजापासून ४१ अंशांवर नुसत्या डोळ्यांनी दिसतो. तापमान सुमारे ३२,००० केल्व्हिन. आल्ब्रेख्ट उनझ्योल्ड यांनी १९३९ मध्ये घेतलेल्या वर्णपटांवरून १९४१–४४ या काळात त्याचे रासायनिक विश्लेषण प्रसिद्ध केले. सूर्याखेरीज अन्य ताऱ्याचे इतके तपशीलवार विश्लेषण त्यापूर्वी झालेले नव्हते.

रेषा ठळक म्हणून द्रव्य जास्त, असे समीकरण नसते. सिलिकॉनच्या निरनिराळ्या आयनांच्या रेषांचे परस्परप्रमाण तापमान सांगते. त्यामागे मेघनाद साहा यांचे १९२० चे आयनीभवन-समीकरण आहे. हायड्रोजनच्या रेषांचे पसरट पंख पृष्ठीय गुरुत्व सांगतात. मग वातावरणाची प्रतिकृती मांडून, गणिती रेषा प्रत्यक्ष रेषेवर बसेपर्यंत मूलद्रव्याचे प्रमाण बदलत जातात. अतिउष्ण ताऱ्यांत प्रारण इतके प्रखर असते की स्थानिक ऊष्मीय समतोल (वायूची स्थिती त्या जागच्या तापमानावरूनच ठरते, हे मानणे) गृहीत धरल्यास उत्तर चुकते. निष्कर्ष लघुगणकी मापात देतात : हायड्रोजन १२ धरला, तर सूर्यातील लोह सुमारे ७.५.

मोजायला सोपा तारा प्रातिनिधिक असेलच असे नाही, आणि या पद्धतीची खरी मेख इथे आहे. अभिजितचे उदाहरण घ्या. त्याच्या रेषा बऱ्यापैकी अरुंद, पण तो प्रत्यक्षात भरधाव फिरतो. त्याचा ध्रुव आपल्याकडे असल्याने फसगत होते. खरोखर संथ ताऱ्यांत वेगळाच घोळ. घुसळण नसल्याने काही मूलद्रव्ये प्रारणदाबाने वर तरंगतात, काही गुरुत्वाने बुडतात (झॉर्झ मिशो, १९७०). पारा-मँगनीज ताऱ्यांच्या पृष्ठावर पारा सूर्याच्या हजारो पट आढळतो. संपूर्ण ताऱ्याचा तो हिशेब नव्हे. खुद्द टाऊ स्कॉर्पीवर गुंतागुंतीचे चुंबकीय क्षेत्र असल्याचे २००६ मध्ये जाहीर झाले. त्याचा परिवलनकाल ४१ दिवस. दोन ताऱ्यांच्या विलीनीकरणातून तो घडला असावा, असे २०१९ मधील संगणकीय प्रतिकृती सुचविते.

ताऱ्यांच्या वर्णपटांच्या या अभ्यासाशी महाराष्ट्राचा संबंध पुण्याच्या आयुका संस्थेतून येतो. तेथील रंजन गुप्ता सहलेखक असलेला भारत-अमेरिका वर्णपटसंग्रह २००४ मध्ये निघाला. त्यात १,२७३ तारे आहेत, वर्णपट अमेरिकेतील किट पीक येथे घेतलेले. त्याची विभेदनक्षमता सुमारे १ अँगस्ट्रॉम, म्हणजे ५,००० अँगस्ट्रॉमपाशी सेकंदाला ६० किमी. ताऱ्यांच्या वर्गीकरणाला ती उत्तम; पण सेकंदाला १० किमी. रुंदीच्या रेषा त्यात विरघळून जातात. त्यांच्यासाठी तमिळनाडूतील कावलूरच्या वेणू बाप्पू दुर्बिणीला जोडलेल्या एशेल वर्णपटलेखकासारखे सूक्ष्म यंत्र लागते.