बाळाची वाढ (पहिले वर्ष)

जन्मापासून पहिल्या वाढदिवसापर्यंत बाळाचे वजन, लांबी, डोके आणि हालचाली यांत होणारा बदल. जन्मल्यानंतर माणूस पुन्हा कधीच इतक्या झपाट्याने वाढत नाही. पूर्ण दिवसांचे बाळ जन्मतः साधारण ५० सेंमी. लांब असते आणि वर्षाचे होईपर्यंत ७५ सेंमी.च्या घरात जाते. वजन पाचव्या महिन्याच्या सुमारास दुप्पट, वर्षअखेर तिप्पट होते. वयात येताना मुले एकाएकी उंच झाली की सगळ्यांना नवल वाटते, पण ती झेप ऐन भरातही वर्षाला दहा सेंमी.च्या आसपासच असते.

सुरुवात मात्र उताराने होते. पहिल्या काही दिवसांत बाळाचे वजन ५ ते १० टक्क्यांनी घटते. अंगातले जादा पाणी निघून जाते, काळी शी पडून जाते आणि आईला भरपूर दूध यायला दोन-तीन दिवस लागतात. तोवर येणारा दाट, पिवळसर चीक थोडाच असतो आणि नवजात बाळाला तेवढा पुरतो. नेमक्या याच दिवसांत ‘दूध पुरत नाही’ असे ठरवून मध, साखरपाणी किंवा वरचे दूध चाटवले जाते. यात बाळाचे दुहेरी नुकसान होते : जंतुसंसर्गाचा धोका वाढतो आणि बाळ कमी ओढू लागल्याने आईचे दूधही खरोखरच कमी होते. घटलेले वजन बहुधा दुसऱ्या आठवड्यात भरून निघते. पुढे तीन महिने बाळ रोज २५ ते ३० ग्रॅम कमावते आणि बाळसे धरते. चौथ्या महिन्यापासून हा वेग आपोआप मंदावतो. ‘आधी कसं भराभर भरत होतं’ म्हणून आजी काळजीत पडते, पण बाळाचे काही बिघडलेले नसते.

जन्माच्या वेळचे वजन बऱ्याच अंशी आईच्या गर्भारपणातल्या पोषणावर ठरते. पहिल्या वर्षाच्या वाढीची सूत्रेही मुख्यतः आहाराच्या हाती असतात. वाढीच्या संप्रेरकाचा अंमल पुढे वाढत जातो. आईवडिलांकडून आलेली चणही हळूहळू डोके वर काढते. त्यामुळे काही बाळे दीड-दोन वर्षांत वाढीच्या आलेखावरची एक रेघ सोडून वरच्या किंवा खालच्या रेघेवर स्थिरावतात.

हे आलेख जागतिक आरोग्य संघटनेचे. १९९७ ते २००३ या काळात ब्राझील, घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका या सहा देशांत सुमारे ८,५०० मुलांची मापे घेऊन ते बांधले गेले. भारतातले केंद्र दिल्लीत होते. धूम्रपान न करणाऱ्या, अंगावर पाजणाऱ्या आणि सुस्थितीतल्या आयांची मुले निवडल्यावर सहाही ठिकाणच्या मुलांची लांबी जवळजवळ सारखी वाढलेली आढळली. ‘आपल्याकडची मुलं मुळात बुटकीच’ या समजाला यातून चोख उत्तर मिळाले. २००६ साली प्रसिद्ध झालेली ही मानके आज अंगणवाडीत वापरली जातात. आलेखाच्या हिरव्या पट्ट्यातून पिवळ्यात आणि पिवळ्यातून नारिंगी पट्ट्यात उतरणारी बाळाच्या वजनाची रेघ पाहून सेविकाताईंना धोका ओळखता येतो. एका दिवसाचे वजन फार थोडे सांगते. दोन-तीन महिन्यांची रेघ कुठे वळते आहे, ते पाहायचे असते.

वजनाचा काटा सगळे पाहतात, लांबी मात्र दुर्लक्षित राहते. ती मोजायला दोन माणसे लागतात. बाळाला मापफळीवर उताणे झोपवून एकीने डोके वरच्या आडव्या फळीला टेकवून धरायचे. दुसरीने गुडघे हलकेच दाबून पाय सरळ करायचे आणि सरकती फळी तळव्यांना भिडवायची. बाळ रडते, अंग आक्रसते, आणि एक पाय वाकडा राहिला तरी माप चुकते. तरीही हा खटाटोप करायलाच हवा, कारण दीर्घकाळच्या कुपोषणाचा पुरावा लांबीतच सापडतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातली पाच वर्षांखालील ३५.२ टक्के मुले वयाच्या मानाने खुजी आढळली.

गुटगुटीतपणावरही फार विसंबू नये. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांत गर्भवती आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास केला. तिथल्या बाळांचे सरासरी वजन २.७ किलो भरले. तुलनेला घेतलेल्या इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो. पुण्याकडच्या बाळांचे स्नायू आणि पोटातले अवयव लहान होते, पण पाठीच्या कातडीखालची चरबी जवळपास टिकून होती. दिसायला किडकिडीत, आत मेदाळ अशा या ठेवणीचा संबंध पुढे उद्भवणाऱ्या मधुमेहाशी जोडला जातो.

डोक्याचा घेर जन्मतः ३३ ते ३५ सेंमी. असतो आणि वर्षभरात दहा-बारा सेंमी.ने वाढतो, त्यातला निम्मा पहिल्या तीन महिन्यांत. आत मेंदूचे वजन दुपटीहून अधिक होत असते. कवटीची हाडे सुटी असल्यामुळेच हे जमते. मागची टाळू दोन-तीन महिन्यांत, पुढची बहुधा ९ ते १८ महिन्यांत भरते. तेल थापून टाळू लवकर भरत नाही आणि भरायची घाईही नसते.

हालचाली डोक्याकडून पायांकडे सरकत येतात : आधी मान धरणे, मग पालथे पडणे, बसणे, रांगणे, उभे राहणे. जागतिक आरोग्य संघटनेच्या पाहणीत निरोगी मुले ८.२ ते १७.६ महिन्यांच्या दरम्यान कधीही स्वतंत्र चालू लागलेली दिसली. ४ टक्क्यांहून थोडी अधिक मुले तर हातापायांवर रांगलीच नाहीत. शेजारच्या बाळाशी बरोबरी करण्यात त्यामुळे अर्थ नाही. चाकांच्या वॉकरने बाळ लवकर चालत नाही, उलट जिन्यावरून गडगडण्याचा धोका असतो. कॅनडाने २००४ मध्ये त्यांवर बंदीच घातली. बोटांची प्रगती कमी कौतुकाची, पण पाहण्यासारखी. सहाव्या महिन्यात बाळ खुळखुळा अख्ख्या पंजाने ओढते; नवव्या-दहाव्यात जमिनीवर सांडलेला एकच चुरमुरा अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत अचूक उचलून थेट तोंडात घालते.

सहा महिन्यांपर्यंत फक्त आईचे दूध पुरते, वर पाणीही नको. त्यानंतर दुधातली ऊर्जा आणि लोह कमी पडू लागते आणि वजनाची रेघ घसरते ती सहसा इथेच. उष्टावणाचा सोहळा थाटात होतो आणि नंतर कित्येक आठवडे बाळाला वरणाचे नुसते पाणी मिळते. त्यात पोषण नगण्य. सहा ते आठ महिन्यांच्या बाळाला दुधाव्यतिरिक्त रोज सुमारे २०० कॅलरी लागतात. त्या तूप घातलेल्या गुरगुट्या वरणभातातून, नाचणीच्या दाट खिरीतून, कुस्करलेल्या अंड्यातून मिळतात. घास चमच्यावरून ओघळणार नाही इतपत दाट असावा.

अकाली जन्मलेल्या बाळाचे वय मोजताना जितके आठवडे ते आधी आले तितके वजा करतात. दोन महिने आधी जन्मलेले बाळ सहाव्या महिन्यात चार महिन्यांच्या मापाने पाहिले जाते आणि हा हिशेब साधारण दोन वर्षांपर्यंत चालतो. लसी मात्र जन्मतारखेप्रमाणेच द्यायच्या असतात.