चुना घोटणारे हात

चुन्याच्या घाणीचा बैल येतोय, आधी त्याच्या वाटेतून बाजूला व्हा. गोल चरातून दगडी चाक चुना आणि वाळू रगडत चाललंय, पांढरी धूळ तुमच्या पापण्यांवर बसतेय. हे 1660 च्या सुमाराचं औरंगाबाद आहे, म्हणजे आजचं छत्रपती संभाजीनगर. समोर उंच चौथरा बांधून झालाय, चार कोपऱ्यांवर मिनार चढताहेत. हा घाट तुम्ही लगेच ओळखता. आग्र्याचा ताजमहाल दख्खनमध्ये पुन्हा उभा राहतोय.

औरंगजेबाची बेगम दिलरस बानू 1657 च्या ऑक्टोबरात याच शहरात गेली, मुलगा अकबर जन्मल्यावर महिनाभरात. तिचा हा मकबरा, म्हणजे बीबी का मकबरा, मुलगा आझमशहाने आईसाठी बांधला, असं तुम्ही ऐकत आलात. पण आझमचा जन्म 1653 चा. तुम्ही इथे उभे आहात तेव्हा तो सात वर्षांचा पोर आहे! हुकूम आणि पैसा औरंगजेबाचाच असणार, असं मला ठामपणे वाटतं.

आणि पैसा मोजूनमापून आलाय. जुन्या बखरीत खर्च लिहिलाय 6,68,203 रुपये 7 आणे. आण्यापर्यंत हिशेब! ताजच्या मानाने ही रक्कम फारच थोडी. संगमरवर लांबून बैलगाड्यांवर येतोय. तावेर्निये या फ्रेंच प्रवाशाने सुरत-गोवळकोंड्याच्या वाटेवर अशा 300 गाड्या पाहिल्या, लहानातल्या लहान गाडीलाही 12 बैल. एवढ्या लांबून आणलेला दगड भिंतीभर कुठून पुरणार? तो खालच्या पट्टीला लागतो आणि घुमटाला. मधली सगळी भिंत इथल्याच काळ्या दगडाची, वरून चुन्याचा गिलावा.

त्या भिंतीपाशी चला, कारण खरं काम तिथे चाललंय. परांचीवर बसलेला कारागीर बारीक चाळलेल्या चुन्याचा शेवटचा हात देतोय. ओल आहे तोवर पात्याने वेलीची कड कोरतो, पानाची शीर काढतो, चुकलं तर बोटाने लिंपून पुन्हा कोरतो. मग गुळगुळीत गोटा घेऊन घोटत राहतो. तुम्ही उन्हातून सावलीत येता तरी त्याचा हात थांबलेला नसतो. हळूहळू त्या चुन्याला अशी झळाळी येते की चार पावलांवरून संगमरवर वाटावा.

आराखडा अताउल्लाचा. ताजचे प्रमुख वास्तुकार मानले जाणारे उस्ताद अहमद लाहोरी हे त्याचे वडील. हंसपतराय अभियंता. दोघांची नावं मुख्य दरवाजावर कोरली आहेत. गोटा धरणाऱ्या या माणसाचं कुठेच नाही.

मकबऱ्याला ‘गरिबांचा ताज’ म्हणणाऱ्यांचा मला राग येतो. मिनार घुमटाच्या मानाने उंच वाटतात, इमारत जरा दाटलेली दिसते, हे मान्य. पण चुन्यातली ही नक्षी उतरवून घेतलेली नाही. दगड पुरला नाही तिथे इथल्या हातांनी आपलं कसब लावलं.

पुढच्या वेळी छत्रपती संभाजीनगरला गेलात, तर घुमटासमोर फोटो काढून परतू नका. त्या गिलाव्यापुढे दहा मिनिटं थांबा. हात मात्र लावू नका, आणि कुणी नाव कोरताना दिसलं तर तिथल्या तिथे अडवा.