उंबऱ्याआतलं रोप

आज रोपाची गोष्ट करू या. वांगं, मिरची, टोमॅटो यांचं बी आपण बहुतेक वेळा थेट सरीत टाकत नाही. आधी रोप करतो, मग लावतो. हे रोप घरापाशी, आपल्या नजरेखाली करायची रीत कशी होती आणि ती आपल्या हातून कशी निसटली, ते आज बघू.

युरोपासारख्या थंड मुलुखात बी घरात, खिडकीपाशी रुजवतात ते हिमापासून वाचवायला. आपल्याकडे भीती उन्हाची आणि पावसाची. माती ३५ अंशांच्या वर तापली की टोमॅटोचं बी नीट उगवत नाही. आणि उगवलंच, तर जूनची पहिली जोराची सर कोवळं रोप आडवं करते. म्हणून आपलं रोप पडवीत, नाहीतर मोरीच्या पाण्याशेजारी झाडाच्या सावलीत.

या तिघांत वांगं तेवढं आपल्याकडचं जुनं. संस्कृत वैद्यक ग्रंथांत ते ‘वार्ताक’ नावानं भेटतं. मिरची नि टोमॅटो मूळचे अमेरिका खंडातले. १५१० साली पोर्तुगिजांनी गोवा घेतला आणि त्याच शतकात त्यांच्या जहाजांतून मिरची इकडे उतरली. त्याआधी आपलं तिखट म्हणजे मिरी. मिरचीनं नावसुद्धा तिचंच उचललं. टोमॅटो बराच मागाहून, इंग्रजी अमदानीत रुळला. पिकं नवी होती, पण रोप करायची विद्या घरात आधीच होती, वांग्याच्या वाफ्याची आणि भाताच्या तरव्याची.

तरव्यावरून राब आठवला. कोकणात, मावळात उन्हाळ्यात वाफ्यावर शेण, पालापाचोळा, गवत, टहाळ्या पसरून भाजतात. तणाचं बी जळतं, राख मिळते, मग तिथे पेरणी. १८७८ च्या वन कायद्यानंतर जंगलातून टहाळ तोडण्यावर बंधनं आली आणि ठाणे-कुलाब्याकडे इतका असंतोष झाला की १८८५ साली मुंबई सरकारला आयोग नेमावा लागला. साहेबाला वाटे, हे लोक उगाच झाडं जाळतात. पुढे १९७६ साली इस्रायलच्या याकोव कातान या शास्त्रज्ञानं दाखवलं, की ओल्या मातीवर पारदर्शक प्लॅस्टिक अंथरून ती उन्हात तापवली तर रोगाच्या बुरश्या मरतात. आग नाही, धूर नाही, टहाळही नको. वैशाखातलं ऊन आपल्याकडे फुकटच आहे. चार ते सहा आठवडे वाफा झाकून ठेवा. रोपं मान टाकतात ती मर बरीच कमी होते.

आता बियाकडे वळू. वांग्याचं, मिरचीचं चांगलं फळ झाडावरच पिकू द्यायचं, त्याचं बी वाळवून राखेत घोळून गाडग्यात ठेवायचं. भोपळ्याचं बी शेणात थापून भिंतीला. दोडका अख्खा चुलीच्या वर टांगायचा. राख ओल शोषते आणि किड्याला जगू देत नाही, धुरानं कीड दूर राहते. कुठलं फळ बियाला ठेवायचं हे घरातली बाई ठरवायची, आणि माझ्या मते शेतीतला हा सगळ्यात मोठा निर्णय होता, जरी सातबाऱ्यावर तिचं नाव नसलं तरी. डालडा १९३७ साली बाजारात आलं, आणि त्याचा रिकामा डबा घरोघर झाडं लावायला कामी आला. बुडाला भोकं पाडली की झालं.

मग संकरित बी आलं. १९६४ साली जालन्यात बद्रीनारायण बारवाले यांनी महिको कंपनी काढली. १९७३ साली बंगळूरच्या एका कंपनीनं टोमॅटोचं आणि ढोबळी मिरचीचं संकरित बियाणं आणलं. उत्पन्न वाढलं, हे नाकारून चालणार नाही. पण संकरित फळाचं बी धरलं तर पुढची झाडं एकसारखी येत नाहीत, म्हणून दरसाल पुडी विकत. ते बी तयार होतं तेही बायकांच्याच बोटांनी. जालना, देऊळगाव राजा भागातल्या शेडनेटमध्ये बाया कळीतले पुंकेसर चिमट्यानं काढतात आणि दुसऱ्या दिवशी दुसऱ्या झाडाचा पराग लावतात. बी महाग झालं तशी रोपवाटिका आली, ९८ किंवा १०४ खळग्यांचा ट्रे आला, कोकोपीट आलं. आता रोपही विकतच.

अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी मात्र गावठी बी सांभाळून बियाणं बँक उभी केली. २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. कायदाही आपल्या बाजूनं आहे. पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा, २००१ च्या कलम ३९ नुसार शेतकऱ्याला आपलं बी राखता येतं, पेरता येतं, वाटता येतं, विकताही येतं. फक्त संरक्षित वाणाचं बी कंपनीसारखं नाव-छाप लावून विकता येत नाही.

बाजारासाठी एकराचा टोमॅटो लावणारीनं संकरित रोप घ्यावं, त्यात काही वावगं नाही. पण परसबागेच्या दहा-वीस झाडांना गावठी बी पुरतं. गटातल्या एकीनं वांगी धरावी, दुसरीनं मिरची, आणि बी वाटून घ्यावं. मृगाच्या लागवडीसाठी मिरची मेच्या पहिल्या पंधरवड्यात टाका, तिला ३५ ते ४५ दिवस लागतात. टोमॅटो २५ ते ३० दिवसांत तयार होतो, म्हणून तो मागाहून. बी नखभर खोल, पाणी झारीनं. भेंडी, गवार या भानगडीत घालू नका, त्यांना जागेवरच टोबा. आणि लावायच्या आधी आठवडाभर डबे रोज थोडे जास्त वेळ उन्हात सरकवा, पाणीही थोडं तोडा, म्हणजे रोप शेतात गेल्यावर माना टाकणार नाही.