शिधावाटप : मुंबई–ठाणे क्षेत्र

अन्नधान्य व अन्य जीवनावश्यक वस्तू ठराविक प्रमाणात व ठराविक दराने कुटुंबांना पुरविण्याची शासकीय व्यवस्था. तिचा हेतू केवळ बाजारातील टंचाई निवारण्याचा नसून, बाजारात धान्य असूनही ते विकत घेण्याची ऐपत नसलेल्या कुटुंबाच्या घरी ते पोहोचविण्याचा असतो. महाराष्ट्रात या व्यवस्थेचे दोन प्रशासकीय भाग आहेत. जिल्ह्यांतून ती जिल्हा पुरवठा अधिकारी व तहसीलदार यांच्यामार्फत चालते; मुंबई शहर, उपनगरे आणि ठाणे, कल्याण, डोंबिवली, उल्हासनगर इ. नागरी भाग यांत मात्र ती शिधावाटप नियंत्रकाच्या अखत्यारीत येते. त्यामुळे मुरबाड वा शहापूर तालुक्यातील गावाचा पुरवठा एका यंत्रणेकडे, तर दिवा व डोंबिवली या स्थानकांच्या दरम्यान असलेल्या कोपरसारख्या वस्तीचा दुसऱ्या यंत्रणेकडे, अशी विभागणी एकाच जिल्ह्यात आढळते.

प्रारंभ : कोकण व मुंबई हे भातखाऊ प्रदेश असून त्यांची गरज स्थानिक पिकातून भागत नसे. ही तूट ब्रह्मदेशातून येणाऱ्या तांदळाने भरून निघे. १९४२ मध्ये जपानने ब्रह्मदेश व्यापल्यानंतर ही आवक थांबली, भाव भडकले आणि साठेबाजी वाढली. मे १९४३ मध्ये मुंबईत धान्याचे शिधावाटप सुरू झाले. त्याच वर्षी बंगालमध्ये भीषण दुष्काळ पडला. थीओडोर ग्रेगरी यांच्या अध्यक्षतेखालील अन्नधान्य धोरण समितीने (१९४३) मोठ्या शहरांत शिधावाटप लागू करण्याची व प्रौढ व्यक्तीस रोज एक पौंड (सु. ४५० ग्रॅ.) धान्य देण्याची शिफारस केली. १९४६ च्या टंचाईत हे प्रमाण १२ औंसांवर (सु. ३४० ग्रॅ.) आले.

स्वातंत्र्योत्तर काळ : डिसेंबर १९४७ मध्ये नियंत्रणे उठविण्यास सुरुवात झाली, परंतु भाव झपाट्याने वाढल्याने १९४८ मध्ये ती पुन्हा लादावी लागली. रफी अहमद किडवाई अन्नमंत्री असताना, १९५४ पर्यंत, ती टप्प्याटप्प्याने काढण्यात आली. १९५५ मध्ये जीवनावश्यक वस्तू अधिनियम संमत झाला. पुढील वर्षी अमेरिकेशी झालेल्या करारान्वये परदेशी गहू मोठ्या प्रमाणावर येऊ लागला आणि रास्त भावाच्या दुकानांतून तो विकला जाऊ लागला. भातावर पोसलेल्या अनेक कुटुंबांच्या आहारात गव्हाला मिळालेले स्थान हा या व्यवस्थेचा एक दूरगामी परिणाम होय.

१९६५–६६ च्या अवर्षणाने हे परावलंबन उघडे पाडले. भारतीय अन्न महामंडळ व कृषिमूल्य आयोग यांची स्थापना १९६५ मध्ये झाली, तर महाराष्ट्रात शिधावाटपाचा नवा आदेश १९६६ मध्ये निघाला. १९७२ च्या दुष्काळात मिलो या नावाने ओळखली जाणारी आयात तांबडी ज्वारी दुकानांतून वाटण्यात आली व दुष्काळी कामांवर सुकडीचे वाटप झाले. ग्रामीण भागात शासनाने धान्याबरोबर मजुरीचीही तजवीज केली. वि. स. पागे यांनी पुरस्कारलेल्या रोजगार हमी योजनेचा विस्तार याच काळात होऊन १९७७ मध्ये तिला कायद्याचे रूप मिळाले. शहरातील कुटुंबाला अशी हमी नव्हती. त्याचा आधार शिधापत्रिका हाच होता. म्हणूनच महागाईविरुद्धचा असंतोष मुंबईत रस्त्यावर प्रकट झाला. मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर प्रभृतींच्या नेतृत्वाखाली स्त्रियांनी लाटणी घेऊन काढलेले मोर्चे या लढ्याचे प्रतीक ठरले.

लक्ष्यनिर्धारित वितरण : १९९७ पर्यंत शिधापत्रिकाधारकास उत्पन्नाचा विचार न करता धान्य मिळू शकत असे. त्या वर्षी दारिद्र्यरेषेखालील व रेषेवरील असा भेद करण्यात आला. महाराष्ट्रात १९९९ मध्ये तिरंगी शिधापत्रिका आल्या : वार्षिक उत्पन्न १५,००० रु. पर्यंत असलेल्यांस पिवळी, त्यापुढे एक लाखापर्यंत केशरी व त्याहून अधिक उत्पन्न असलेल्यांस शुभ्र. अतिदरिद्री कुटुंबांसाठी डिसेंबर २००० मध्ये अंत्योदय अन्न योजना सुरू झाली. तीत प्रतिकुटुंब दरमहा प्रथम २५ किग्रॅ. व २००२ पासून ३५ किग्रॅ. धान्य देण्यात येऊ लागले.

राष्ट्रीय अन्नसुरक्षा अधिनियम, २०१३ ने शासनाच्या योजनेचे नागरिकाच्या हक्कात रूपांतर केले. महाराष्ट्रात त्याची अंमलबजावणी १ फेब्रुवारी २०१४ पासून झाली. प्राधान्य कुटुंबातील प्रत्येक व्यक्तीस दरमहा ५ किग्रॅ. धान्य देय झाले. अठरा वर्षांवरील ज्येष्ठ स्त्री ही शिधापत्रिकेपुरती कुटुंबप्रमुख मानली गेली, हा या कायद्याचा विशेष होय. राज्याच्या ग्रामीण लोकसंख्येपैकी ७६·३२ टक्के व नागरी लोकसंख्येपैकी ४५·३४ टक्के लोक, एकूण सु. ७ कोटी, लाभास पात्र ठरले. १ जानेवारी २०२३ पासून हे धान्य विनामूल्य देण्यात येऊ लागले.

नागरी सीमेवरील प्रश्न : कोपर, दिवा व डोंबिवली या पट्ट्यातील वस्ती उपनगरी रेल्वेच्या आधाराने वाढली. मुंबईत घर न परवडणारी कुटुंबे आणि राज्यांतर्गत व परराज्यांतील स्थलांतरित येथील चाळींत व भाड्याच्या खोल्यांत राहू लागले. अशा वस्तीत शिधावाटपाच्या तीन मर्यादा स्पष्ट होतात. पहिली पत्त्याची : शिधापत्रिका निवासाशी जोडलेली असल्याने वारंवार खोली बदलणाऱ्या किंवा गावच्या पत्रिकेत नाव असलेल्या कुटुंबास येथील दुकानातून धान्य मिळत नसे. ऑगस्ट २०१९ मध्ये महाराष्ट्र व गुजरात यांच्या दरम्यान पत्रिकेच्या आंतरराज्य वापराचा प्रयोग सुरू झाला व पुढे ही सोय देशभर लागू झाली. त्यामुळे ही अडचण बरीच कमी झाली. दुसरी उत्पन्नाची : प्राधान्य गटासाठी नागरी भागात ठरविण्यात आलेली ५९,००० रु. ही वार्षिक मर्यादा दरमहा पाच हजारांहूनही कमी पडते. घरभाडे, रेल्वेचा पास व औषधपाणी यांवर होणारा खर्च तीत वजा धरला जात नाही. तिसरी संख्येची : लाभार्थ्यांची कमाल संख्या २०११ च्या जनगणनेवर आधारलेली असल्याने, ज्या वस्त्या त्यानंतर वाढल्या त्यांचा भार जुन्याच मर्यादेत सामावावा लागतो.

२०२० च्या टाळेबंदीत या मर्यादांची कसोटी लागली. रोजची मजुरी थांबताच प्राधान्य गटाबाहेरील कुटुंबेही अडचणीत आली. राज्य शासनाने मे व जून २०२० या महिन्यांत अशा केशरी पत्रिकाधारकांना प्रतिव्यक्ती ३ किग्रॅ. गहू (८ रु. किलो) व २ किग्रॅ. तांदूळ (१२ रु. किलो) दिला. त्याच वर्षी २६ जानेवारीस १० रुपयांत सुरू झालेल्या शिवभोजन थाळीचा दरही टाळेबंदीत ५ रुपयांवर आणण्यात आला. थाळीसाठी पत्रिकेची अट नव्हती, हे तिचे महत्त्व. कागदोपत्री सुस्थितीतील कुटुंब व प्रत्यक्षात निर्धास्त कुटुंब यांतील अंतर किती थोडे असते, हे या काळाने दाखवून दिले.

शिधावाटपाचा इतिहास पाहता, १९४३ मध्ये प्रश्न धान्याच्या अभावाचा होता. पुढे कोठारे भरली आणि प्रश्न पात्रतेचा झाला. कुटुंबाच्या अन्नसुरक्षेचे नियोजन म्हणजे साठ्यांचे नियोजन नव्हे, तर कुटुंबे कोठे राहतात, काय मिळवितात व धान्याखेरीज कशावर खर्च करतात यांची वेळोवेळी केलेली नोंद होय. ही नोंद जुनी झाली की गोदामातील धान्य व चुलीवरचे भांडे यांतील अंतर वाढते.