पाचवा अवतार, नववा अवतार : 'दशावतार' या ध्वनिमुद्रिकेविषयी

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, चार वाजण्याच्या सुमारास, किल्लारी परिसर हादरला. आदल्या दिवशी गणेशविसर्जन झालेले. गावे नुकतीच झोपी गेलेली. दगडमातीच्या जाड भिंती आणि माळवदांचे ओझे ज्या गावांत माणसांवर कोसळले, त्यांत सास्तूर होते. अशा गावात बसून वराहावरचे गाणे ऐकले, की पृथ्वी दातांवर तोलून धरणारा तो रानडुक्कर निव्वळ पुराणातला राहत नाही. पायाखालची जमीन कोणी तरी धरून ठेवावी, ही गरज इथल्या माणसांना कळलेली आहे.

हे गाणे कीर्तनातले मात्र नव्हे. 'डिमॉनिक रिझरेक्शन' हा मुंबईचा बँड साहिल मखिजा यांनी २००० मध्ये उभा केला. २०१० मध्ये 'मेटल हॅमर' या ब्रिटिश नियतकालिकाचा पुरस्कार त्याला मिळाला. त्याची पाचवी ध्वनिमुद्रिका २०१७ ची, नाव 'दशावतार'. मत्स्यापासून कल्कीपर्यंत दहा अवतार, दहा गाणी. शब्द इंग्रजी, गळा मुख्यतः डेथ मेटलचा, म्हणजे शब्द गिळून खर्जात गुरगुरणारा. १९९० च्या दशकात स्वीडनमधील गोथेनबर्गच्या बँडनी या कर्कश प्रकारात गिटारची सुरावट आणली. 'प्रोग्रेसिव्ह' म्हणवणाऱ्यांनी गाणी लांबवली, मध्येच लय मोडून दुसरी धरली. 'दशावतार' या दोन्ही वाटांची वारसदार आहे. शिवाय तीत सतार, बासरी आणि भारतीय तालवाद्ये आहेत.

अशा ध्वनिमुद्रिकांचे वर्णन करताना 'अपरिचित वाद्ये' हा शब्दप्रयोग हटकून येतो. ब्राझीलच्या 'सेपल्तुरा'ने 'रूट्स'मध्ये (१९९६) शावांते आदिवासींसोबत ध्वनिमुद्रण केले. इस्राएलच्या 'ऑर्फन्ड लँड'ने 'मबूल'मध्ये (२००४) जलप्रलयाची कथा मध्यपूर्वेतील वाद्यांच्या साथीने सांगितली. त्यांच्याविषयीही हेच म्हटले गेले. पण अपरिचित कोणाला? धाराशिव जिल्ह्यातल्या श्रोत्याला सतार आणि विजेची गिटार जवळपास सारख्याच दूरच्या. त्याच्या कानांत बसलेले वाद्य म्हणजे तुळजाभवानीच्या गोंधळातले संबळ : कमरेला बांधलेली वाद्यांची जोडी, एकाचा आवाज घुमणारा, दुसऱ्याचा चिरणारा, आणि ती बडवणाऱ्या दोन काठ्या. मेटलचा ड्रमवादक दोन्ही पायांनी जो घनघोर ठेका धरतो, त्याचे नाते सतारीपेक्षा या संबळाशी अधिक जवळचे आहे, असे आम्हाला वाटते. सतार हे जगाने आधीच ओळखलेले 'भारतीयत्व' आहे. तिची निवड धीट नव्हे, सोयीची म्हणावी लागेल.

ध्वनिमुद्रिकेतील खरी पेचाची जागा वाद्यांत नाहीच. ती नवव्या गाण्यात आहे. तिथे बुद्ध येतो.

नववा अवतार कोण, याचे उत्तर एक नाही. काही परंपरा बलरामाला यादीत घेतात. महाराष्ट्रात जुन्या पंचांगांवर आणि देवळांतील दशावतारपटांवर नवव्या जागी कित्येकदा विठ्ठल उभा दिसतो. रा. चिं. ढेरे यांच्या 'श्रीविठ्ठल : एक महासमन्वय'मध्ये विठ्ठल आणि बुद्ध यांच्या या नात्याची चर्चा आहे. दुसरीकडे, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात डॉ. आंबेडकरांनी अनुयायांना दिलेल्या बावीस प्रतिज्ञांपैकी पाचवी प्रतिज्ञा बुद्धाला विष्णूचा अवतार मानणे स्पष्टपणे नाकारते. लाखो मराठी घरांसाठी हा पुराणचर्चेचा विषय नाही. आपण कोण, याचे ते उत्तर आहे. याच महाराष्ट्राच्या राजधानीत झालेली ही ध्वनिमुद्रिका ती यादी जशीच्या तशी उचलते. नरसिंह, परशुराम यांच्यासाठी ही गायकी जणू घडवलेलीच आहे. बुद्धालाही त्याच ओळीत, त्याच क्रोधाच्या संगीतात बसवायचे, तर रचनाकाराला येथे तरी थबकावे लागले असते. आमचा आक्षेप बुद्धावर मेटल करण्याला नाही, क्रमांकाला आहे. संगीतकाराने इतिहासकार व्हावे अशी अपेक्षा नसली, तरी ज्या प्रकारात देवाधर्माशी भांडण हाच एक जुना बाणा आहे, त्यात एवढा आज्ञाधारकपणा खटकतो.

याच जिल्ह्यात तेर आहे. गोरोबाकाकांचे तेर, आणि त्याहून कितीतरी आधी, रोमन जगाशी व्यापार करणारे तगर. तिथले त्रिविक्रमाचे मंदिर विटांचे आहे आणि त्याची मागची बाजू अर्धवर्तुळाकार वळते. अशी घडण चैत्यगृहाची असते. हेन्री कझिन्स यांच्यापासून अनेक अभ्यासकांनी ही वास्तू मूळची बौद्ध असावी असे मानले आहे. आत पाय उचलून उभा आहे त्रिविक्रम, म्हणजे बळीला पाताळात दडपणारा वामन. पाचवा अवतार नवव्याच्या घरात राहायला आलेला आहे, आणि त्या घराच्या भिंतींनी आपले वळण अजून सोडलेले नाही. ध्वनिमुद्रिकेत वामन पाचव्या गाण्यात येऊन जातो, बुद्ध नवव्यात. मध्ये तीन गाणी आहेत. दोघांची गाठ पडत नाही.