मनगटाच्या पट्टीचा इतिहास

कार्पल टनेल सिंड्रोममध्ये मनगटातील अरुंद बोगद्यात मीडियन नस दाबली जाते. सर जेम्स पॅजेट यांनी 19व्या शतकाच्या मध्यास नोंदवलेला रुग्ण आजही विचार करायला लावतो. मनगटाचे हाड मोडल्यानंतर हीच नस दाबली जाऊन त्याच्या बोटांना जखमा झाल्या. तळहाताकडची बाजू सैल राहील असे मनगट बांधले, की त्या भरत. हात वापरला, की पुन्हा उघडत. म्हणजे शस्त्रक्रियेआधी पट्टी आली!

पुढे जॉर्ज फेलन यांनी पट्टी आणि हायड्रोकॉर्टिसोनची इंजेक्शने वापरली. 1981मध्ये गेल्बरमन व सहकाऱ्यांनी बोगद्यातला दाब मोजला: निरोग्यांत सरासरी 2.5, रुग्णांत 32 मिलिमीटर पारा. मनगट वाकवले, की तो वाढे. म्हणूनच रात्रीची पट्टी मनगट सरळ ठेवते. नस सरकवण्याचे व्यायाम हा उपचार मात्र त्यानंतरचा.